आकडे भरपूर, निर्णय शून्य : आपली मागणी फाईलमध्येच का अडकते?

2027 च्या जनगणनेची तयारी सुरू झाली आहे. एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात घरांची यादी आणि फेब्रुवारी 2027 मध्ये माणसांची मोजणी, असा कार्यक्रम केंद्र सरकारने ठरवला आहे. ही पहिली डिजिटल जनगणना असेल आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच प्रत्येकाची जात त्यात नोंदवली जाईल. आज आपण जे आकडे तोंडपाठ म्हणतो, ते 2011 चे आहेत. महाराष्ट्रात मुस्लिम 1 कोटी 29 लाखांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के, हा आकडाही तेव्हाचाच. त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल आता पदवीधर व्हायला हवं होतं.

नवे आकडे आले की समाजात पुन्हा बैठका होतील, परिषदा होतील, निवेदनं दिली जातील. त्याआधी आपण सर्वांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. गेल्या वीस वर्षांत मुस्लिम समाजाच्या स्थितीवर अहवाल कमी झाले का? अजिबात नाही. सच्चर समिती झाली, महाराष्ट्रात डॉ. महमूदुर रहमान अभ्यासगट झाला, केंद्रात कुंडू समिती झाली. विद्यापीठांचे प्रबंध वेगळेच. मग एवढी माहिती हातात असूनही निर्णय इतके थोडे का?

राजकीय इच्छाशक्ती नव्हती, हे उत्तर बरोबर आहे. पण ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं आपल्याकडे बोट दाखवतं. आकडा कुणासमोर ठेवायचा, कधी ठेवायचा, कशाशी तुलना करून ठेवायचा आणि त्याच्या शेवटी नेमकं काय मागायचं, याचा विचार आपण फारसा करत नाही. या लेखात आम्ही त्याच बाजूबद्दल बोलणार आहोत.

सच्चर अहवालातून काय निघालं, काय राहिलं

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने 17 नोव्हेंबर 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना अहवाल दिला आणि 30 नोव्हेंबरला तो संसदेत मांडला गेला. चारशेहून अधिक पानं, शेकडो तक्ते. तरी सामान्य माणसाच्या लक्षात राहिले ते मोजकेच आकडे. 2001 च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिम 13.4 टक्के, पण आयएएसमध्ये 3 टक्के, आयपीएसमध्ये 4 टक्के आणि परराष्ट्र सेवेत 1.8 टक्के. 6 ते 14 वयोगटातली सुमारे 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती.

आणखी एक आकडा होता, त्याने तर वादाची दिशाच बदलली. तोपर्यंत कुठल्याही चर्चेत सहज म्हटलं जायचं की मुसलमानांची मुलं मदरशात जातात, म्हणून ती मागे राहतात. समितीने दाखवून दिलं की शाळेत जाण्याच्या वयातली जेमतेम 3 टक्के मुस्लिम मुलं मदरशात पूर्णवेळ शिकतात. शाळा सांभाळून संध्याकाळी मकतबमध्ये कुरआन शिकायला जाणारं मूल आणि मदरशाचा पूर्णवेळ विद्यार्थी, या दोघांची गल्लत होते आहे हेही समितीने स्पष्ट केलं. म्हणजे उरलेल्या 97 टक्क्यांचा प्रश्न जवळ सरकारी शाळा असण्या-नसण्याचा, तिच्या दर्जाचा आणि घरच्या परिस्थितीचा होता. समोरच्याच्या मनात आधीपासून बसलेला एक समज एका आकड्याने हलला. माहिती मांडणं म्हणतात ते हेच.

आता शिफारशींचं काय झालं ते पाहू. मॅट्रिकपूर्व, मॅट्रिकोत्तर आणि गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्त्या 2007-08 आणि 2008-09 मध्ये सुरू झाल्या. अल्पसंख्याकबहुल 90 जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम आला. पण समान संधी आयोग आला नाही. विविधता निर्देशांक तज्ज्ञ गटाच्या अहवालापुढे सरकला नाही. सर्व खात्यांची सामाजिक-धार्मिक गटवार माहिती एका जागी ठेवणारी राष्ट्रीय माहिती पेढीही समितीला अपेक्षित होती तशी उभी राहिली नाही.

हा फरक का पडला? शिष्यवृत्तीची फाईल कुणाच्या टेबलावर जायची हे स्पष्ट होतं. जानेवारी 2006 मध्येच अल्पसंख्याक मंत्रालय स्थापन झालेलं होतं. किती विद्यार्थी, प्रत्येकाला किती रुपये, एकूण किती तरतूद, हे गणित एका कागदावर मांडता येत होतं. समान संधी आयोगासाठी नवा कायदा लागणार होता, अनेक मंत्रालयांचा संबंध होता आणि त्याचा पाठपुरावा रोज करणारं असं कुणी एक खातं नव्हतं. ज्या शिफारशीला मालक होता ती चालली. बिनमालकाची शिफारस कपाटात गेली. यातला राजकारणाचा भाग आम्ही नाकारत नाही. पण पुढच्या वेळी मागणी करताना 'हे कोण करणार' याचं उत्तर आपणच लिहून द्यायला हवं, एवढं तर यातून शिकता येतं.

जिल्हा मोजला, मोहल्ला सुटला

त्या 90 जिल्ह्यांत महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, वाशिम आणि बुलढाणा हे चार जिल्हे होते. जिल्ह्याला निधी मिळाला. पण जिल्हा म्हणजे मोहल्ला नव्हे. अंगणवाडी, वर्गखोली, आरोग्य उपकेंद्र जिल्ह्यात कुठेही बांधलं तरी कागदावर 'अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यात खर्च झाला' अशीच नोंद होणार. ज्या वस्त्यांच्या हलाखीचे आकडे दाखवून जिल्हा निवडला, त्या वस्त्यांपर्यंत पैसा पोहोचतच नाही, अशी टीका योजनेवर सतत झाली. शेवटी बाराव्या पंचवार्षिक योजनेत जिल्ह्याऐवजी तालुका पातळीचा गट आणि शहर हे एकक धरलं गेलं.

यातून मिळणारा धडा साधा आहे. माहिती ज्या पातळीवर मांडाल, निर्णय त्याच पातळीवर होतो आणि पैसाही तिथेच थांबतो. आपली निवेदनं मात्र बहुधा 'देशातील मुस्लिमांची स्थिती' या वाक्याने सुरू होतात आणि ती दिली जातात नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याला. त्या बिचाऱ्याच्या हातात देश नाही. त्याच्या हातात प्रभाग आहे, गटार आहे, शाळेची इमारत आहे, दवाखाना आहे. त्याला प्रभागाचा आकडा हवा.

सरासरीचा सापळा

महाराष्ट्रात 'मुस्लिम समाज निरक्षर आहे' हे वाक्य भाषणांत हमखास येतं. 2001 च्या जनगणनेचा आकडा काय सांगतो? राज्याची साक्षरता 76.9 टक्के आणि राज्यातल्या मुस्लिमांची 78.1 टक्के. म्हणजे सरासरीपेक्षा किंचित जास्तच. एखाद्या तयारीच्या अधिकाऱ्याने हा आकडा समोर ठेवला, तर आपलं शिष्टमंडळ तिथेच गप्प होईल. चहा पिऊन परत येईल.

पण या आकड्यामागे काय दडलं आहे ते पाहिलं तर चित्र बदलतं. महाराष्ट्रातले जवळपास 70 टक्के मुस्लिम शहरांत राहतात, तर राज्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या तेव्हा खेड्यात होती. शहरात साक्षरता सगळ्यांचीच जास्त असते. म्हणून शहरातल्या मुस्लिमांची तुलना शहरातल्या इतरांशीच करायला हवी. दुसरं म्हणजे नाव लिहिता-वाचता येणं ही साक्षरता आणि बारावी पास होणं, पदवी घेणं हे शिक्षण. आपली खरी गळती दहावीच्या आगेमागे सुरू होते आणि पुढे वाढत जाते. म्हणजे मागणी 'साक्षरता वर्ग काढा' अशी करून चालणार नाही. कनिष्ठ महाविद्यालय, मुलींचं वसतिगृह, आयटीआय, उर्दू माध्यमातून पुढे जाताना लागणारा भाषेचा आधार, या गोष्टी मागायला हव्यात. चुकीचा आकडा घेतला की मागणीही चुकीची होते. आणि चुकीची मागणी मान्य झाली तरी हाती काहीच लागत नाही.

असाच प्रकार उच्च शिक्षणाच्या आकड्यांबाबत घडला. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2019-20 मध्ये देशात सुमारे 21 लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. 2020-21 मध्ये ते 19.2 लाखांवर आले. ही बातमी सगळीकडे फिरली, आपल्याही मोबाईलवर आली. घट खरी होती आणि चिंतेचीच होती. पण ते वर्ष कोरोनाचं होतं आणि पुढच्याच वर्षी संख्या पुन्हा 21 लाखांच्या आसपास गेली. आजही कुणी फक्त ती दोन वर्षं शेजारी ठेवून भाषण करत असेल, तर समोरचा तिसरं वर्ष काढून दाखवेल आणि आपलं सगळंच म्हणणं खोटं ठरवेल. त्यापेक्षा हिस्सा दाखवा. लोकसंख्येत चौदा टक्क्यांहून अधिक असलेला समाज उच्च शिक्षणात पाच टक्क्यांच्या आतबाहेर आहे आणि कोरोना गेला तरी ही दरी बुजलेली नाही. हे विधान कुठलंही वर्ष काढलं तरी टिकतं.

छेद कोणता धरायचा?

शाळेत आपण अंश आणि छेद शिकलो. सर्वोच्च न्यायालयाच्या मराठा आरक्षण निकालात सगळा वाद त्या छेदावर येऊन थांबला होता. गायकवाड आयोगाने मोठं सर्वेक्षण केलं, हजारो कुटुंबांची माहिती जमवली आणि त्याच्या आधारे 2018 चा कायदा झाला. 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पन्नास टक्क्यांची मर्यादा हे एक कारण होतं. दुसरं कारण आयोगाच्या स्वतःच्या तक्त्यांतून निघालं. शासकीय नोकऱ्यांतली खुल्या प्रवर्गातून भरलेली पदं छेद म्हणून धरली, तर 'अ' वर्गात मराठा समाजाचा वाटा सुमारे 33 टक्के निघत होता. न्यायालयाने हे प्रतिनिधित्व पुरेसं मानलं. राज्यघटना 'पुरेसं प्रतिनिधित्व' म्हणते, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व म्हणत नाही, हेही न्यायालयाने सांगितलं.

मराठा समाजाची मागणी बरोबर की चूक, हा इथे आमचा विषय नाही. विषय असा की निर्णय देणारा कोणता प्रश्न विचारणार आहे, हे आधी ओळखावं लागतं. आयोग एका प्रश्नाचं उत्तर घेऊन गेला आणि न्यायालयाने दुसराच प्रश्न विचारला. आकडे तेच, छेद बदलला आणि निकाल उलटा लागला.

ओबीसींच्या राजकीय आरक्षणातही हेच दिसलं. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'इम्पिरिकल डेटा' मागितला आणि हा इंग्रजी शब्द गावच्या चावडीपर्यंत पोहोचला. बांठिया आयोगाने अहवाल दिला, त्यात ओबीसींची लोकसंख्या 37 टक्के दाखवली आणि जुलै 2022 मध्ये न्यायालयाने तो अहवाल धरून निवडणुकांचा मार्ग मोकळा केला. मात्र आडनावांवरून जात ठरवण्याच्या पद्धतीवर ओबीसी नेत्यांनीच कडाडून टीका केली. आपल्यासाठी तर हा मुद्दा जास्तच गंभीर आहे. शेख, खान, पठाण, सय्यद या आडनावांवरून कुणाला काय कळणार? शेख आडनावाचा माणूस बागवान असू शकतो, तांबोळी असू शकतो, अत्तार, मोमीन, मणियार, पिंजारी असू शकतो. आडनावं मोजली तर आपले ओबीसी बांधव मोजणीतूनच गायब होतात.

वेळ चुकली की सगळं चुकतं

आता 2014 आठवा. डॉ. महमूदुर रहमान अभ्यासगटाची नेमणूक 2008 ची, अहवाल आला 2013 मध्ये. त्यात मुस्लिमांसाठी 8 टक्के आरक्षणाची शिफारस होती. जुलै 2014 मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, आघाडी सरकारने 5 टक्क्यांचा अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं मुस्लिम आरक्षण चालू ठेवलं. सच्चर आणि रहमान अहवालांतली माहिती तिथे कामी आली. न्यायालयासमोर आकडे टिकले.

आणि तरीही आरक्षण गेलं. तोपर्यंत सरकार बदललं होतं. नव्या सरकारने मुस्लिम आरक्षणाचा कायदा केला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. जे न्यायालयात जिंकलं ते विधिमंडळात हरलं. अहवाल हातात असताना अध्यादेश निघेपर्यंत जे महिने गेले, त्यात कायदा होऊ शकला असता. तेव्हा समाजाने 'अहवाल स्वीकारा' एवढीच मागणी रेटली. 'याच अधिवेशनात विधेयक आणा' असं तारखेनिशी मागणारे आवाज थोडे होते. ही चूक सरकारची होतीच, पण तारीख न मागण्याची चूक आपलीही होती.

2022 चा अनुभव तर ताजा आहे. केंद्राने पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे. आपण निषेध केला, पत्रकं काढली. पण या कारणाला उत्तर देईल अशी माहिती कुणाकडे होती? 'मोफत' शाळेत जाणाऱ्या मुलामागे वह्या, दप्तर, रिक्षा, शिकवणी यावर घरचे वर्षाला किती खर्च करतात? शिष्यवृत्ती थांबल्यावर कोणत्या शाळेतून किती मुलं कमी झाली? प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हजेरीपटात याचं उत्तर आहे. ते कुणी एकत्र केलं नाही. मग सरकारचं कारण तसंच उभं राहिलं.

एक पान पुरेसं आहे

अनेक शिष्टमंडळांबरोबर आम्ही कार्यालयांत गेलो आहोत. दृश्य साधारण ठरलेलं असतं. दहा-बारा जण, हार किंवा शाल, जाडजूड निवेदन आणि फोटो. निवेदनात पंधरा मागण्या. उर्दू शाळेपासून कब्रस्तानच्या भिंतीपर्यंत आणि आरक्षणापासून वक्फपर्यंत. एकदा एका अधिकाऱ्याने निवेदन चाळून शांतपणे विचारलं होतं, "यातलं मी माझ्या सहीने करू शकेन असं एक काम सांगा." आमच्यापैकी कुणालाही लगेच उत्तर देता आलं नाही. फोटो मात्र निघाला.

वेगळ्या पद्धतीने कसं करता येईल, ते एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण कल्पित आहे, पण अशा वस्त्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. समजा, एका वस्तीत नगरपालिकेची उर्दू शाळा आठवीपर्यंत आहे. 'मुलींच्या शिक्षणाची दुरवस्था' यावर भाषण करण्याऐवजी चार तरुणींनी शाळेतून तीन वर्षांची यादी घेतली. आठवी पास मुली 180. त्यातल्या नववीत गेल्या 112. राहिल्या 68. मग त्या 68 घरांचा दरवाजा ठोठावला. 41 घरांनी सांगितलं, हायस्कूल लांब आहे, हायवे ओलांडावा लागतो. 15 घरांत पैशाची अडचण. उरलेल्या 12 घरांत लग्न ठरलं किंवा घरकाम.

आता निवेदन लिहायला एक पान पुरतं. पहिली ओळ मागणीची : येत्या जूनपासून या शाळेत नववीचा वर्ग सुरू करावा. दुसरी ओळ कारणाची : तीन वर्षांत 180 पैकी 68 मुली आठवीनंतर थांबल्या, त्यातल्या 41 केवळ अंतरामुळे. तिसरी ओळ खर्चाची : एक खोली रिकामी आहे, शिक्षक लागतील आणि मंजुरी लागेल. चौथी ओळ, हा निर्णय कुणाच्या अधिकारात आहे आणि तो कोणत्या तारखेपर्यंत झाला तर जूनला वर्ग भरेल. पाचवी ओळ, आम्ही काय करू : पहिल्या वर्षी किमान 30 मुलींचे प्रवेश आणून देण्याची जबाबदारी मोहल्ला कमिटीची. यादी सोबत जोडायची, पण मुलींची नावं झाकून. कुणाच्या घरची अडचण चव्हाट्यावर आणायचा हक्क आपल्याला नाही.

असा कागद अधिकाऱ्याला टाळता येत नाही. टाळायचं असेल तर कारण लिहावं लागतं. आणि लेखी कारण मिळालं की पुढचं अपील, पुढचा नगरसेवक, पुढची बातमी, सगळं सोपं होतं. कारण मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

वेळेचंही भान हवं. महापालिका आणि नगरपालिकांची अंदाजपत्रकं जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतात. जिल्हा नियोजन समितीचा आराखडाही त्याच सुमारास पक्का होतो. मार्चमध्ये दिलेलं निवेदन म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोहोचणं. आपला कागद नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टेबलावर असायला हवा. पंतप्रधानांच्या नव्या पंधरा कलमी कार्यक्रमासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती असते. तिची बैठक शेवटची कधी झाली, इतिवृत्तात काय लिहिलं आहे, हे विचारणारं कुणी नसेल तर बैठक कागदावरच होते.

आणि एकाच माहितीचे कागद दोन-तीन करावेत. मुख्याधिकाऱ्याला खर्च आणि नियम कळवा. नगरसेवकाला प्रभागातली किती घरं या प्रश्नाशी जोडलेली आहेत ते सांगा. पत्रकाराला त्या 41 घरांपैकी एका घराची गोष्ट सांगा, परवानगी घेऊन. आकडा तोच ठेवायचा, फक्त ऐकणाऱ्याच्या कामाची बाजू पुढे करायची. एका कागदात 68 आणि दुसऱ्यात 70 लिहिलं, तर विश्वास दोन्हींवरचा जातो.

अर्धे निर्णय आपल्याच हातात

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण बोलायला हवी. आकडे नेहमी सरकारलाच दाखवायचे असतात असं नाही. वरच्या उदाहरणातल्या 15 घरांचा पैशाचा प्रश्न जमातच्या बैतुलमालमधून सुटू शकतो. ज्या 12 घरांत लग्न किंवा घरकाम हे कारण आहे, तिथे सरकार काय करणार? तिथे इमामसाहेब, घरातले वडीलधारे, शाळेच्या मॅडम यांचा शब्द लागतो. पण मस्जिद ट्रस्टच्या बैठकीत हा आकडा कधी ठेवला जातो का? जकात किती जमा झाली हे रमजाननंतर सांगितलं जातं. त्यातून किती कुटुंबं पुढच्या वर्षी जकात घेण्याच्या स्थितीतून बाहेर आली, हे क्वचितच सांगितलं जातं. आपल्या शिक्षणसंस्था दहावीचा निकाल फलकावर लावतात. पाचवीत आलेल्या शंभर मुलांपैकी दहावीला बसले किती, हे फलकावर येत नाही. खरा निकाल तो आहे.

आपण स्वतःची कमतरता आकड्यात मांडली तर विरोधक त्याचा वापर करतील, अशी भीती अनेकांना वाटते. भीती अगदीच निराधार नाही. पण आपली उणीव आपणच आधी सांगितली, तर सरकारसमोर मांडलेल्या उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो. फक्त दुसऱ्याचा दोष दाखवणाऱ्या कागदाकडे अधिकारी आरोपपत्र म्हणून बघतो आणि बाजूला ठेवतो.

जनगणनेआधी करायची कामं

जनगणनेचा कर्मचारी दारात येईल किंवा आपण मोबाईलवरून स्वतः माहिती भरू. त्या वेळी जातीचा रकाना रिकामा सोडू नका आणि अंदाजे काहीतरी सांगू नका. इस्लाम जातीची उच्चनीचता मानत नाही, हे खरं. पण मोमीन, बागवान, मणियार, पिंजारी यांचं मागासलेपण जनगणनेत दिसलं नाही, तर त्यांच्या वाट्याच्या सवलतींचा आधारच उद्या काढून घेतला जाईल. ज्यांच्याकडे जातीचा दाखला आहे त्यांनी त्यातलंच नाव सांगावं. एकाच बिरादरीची माणसं पाच वेगवेगळी नावं सांगतील, तर आकडा पाच जागी फुटेल आणि कुठलाच मोठा दिसणार नाही. हे काम बिरादरीच्या संघटनांनी आजपासून घरोघरी समजावून करायला हवं. आईवडिलांना, शेजाऱ्यांना, निरक्षर घरांना फॉर्म भरायला मदत करणं हे आपल्या तरुणांचं काम आहे.

जनगणनेचे तक्ते हाती यायला वेळ लागेल. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. आपल्या शाळेचा हजेरीपट, दवाखान्याची रांग, रेशन दुकानाची यादी, मोहल्ल्यातली बंद पडलेली नळजोडणी, हे सगळे आकडे आजच मिळतात. येत्या महिन्यात प्रत्येक मोहल्ला कमिटीने एकच प्रश्न निवडावा, त्याची तीन वर्षांची नोंद काढावी आणि एका पानावर मागणी लिहावी. पंधरा मागण्यांची निवेदनं आपण खूप दिली. आता एका मागणीचा कागद देऊन पाहू, आणि तीन महिन्यांनी त्याचं काय झालं हे जुम्याच्या नमाजनंतर लोकांना सांगू.